सहावीचं गणित आणि ‘हे’

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हणाले आणि नंतर आठ दिवस कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. पस्तीस वर्षं मी एकच पुस्तक शिकवलं. इयत्ता सहावी, गणित. पुस्तकाचं मुखपृष्ठ बदललं, अभ्यासक्रम दोन-चार वेळा बदलला, फळा काळ्याचा हिरवा झाला. पण जूनमध्ये माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या मुलांचं वय कधीच बदललं नाही. ती कायम अकरा वर्षांची. मीच तेवढी दर वर्षी म्हातारी होत गेले.

सहावीच्या बाई कुणाच्या लक्षात राहत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पहिलीच्या बाई आठवतात, दहावीचे सर आठवतात. मधले आम्ही गाडी न थांबणाऱ्या स्टेशनासारखे. शुक्रवार पेठेत भाजी घेताना कुणीतरी मोठी झालेली बाई वाकून नमस्कार करते, “ओळखलंत का बाई?” म्हणते. मी विचारते, “कितवीला होतीस ग माझ्याकडे?” ती जरा घुटमळते. “पाचवीला... का सातवीला?” मी म्हणते, “असशील.” एवढ्यावरून तिला कुठं खजील करायचं?

पण माझ्या मते खरं गणित सहावीतच सुरू होतं. पाचवीपर्यंत मूल जे मोजतं ते डोळ्यांना दिसतं. गोट्या दिसतात, पेरू दिसतात. सहावीत पहिल्यांदा त्याला सांगितलं जातं की शून्याच्याही खाली संख्या असतात. पहिल्यांदा आकड्याच्या जागी अक्षर येऊन बसतं आणि ‘मी कोण ते शोध’ म्हणतं. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं असतं आणि भागूनसुद्धा उत्तर मोठं येतं. आतापर्यंत भागलं की कमी व्हायचं, ते आता वाढतंय म्हटल्यावर मुलाचा आपल्यावरचा विश्वास उडतो. तो परत मिळवणं, हे सहावीच्या गणिताच्या शिक्षकाचं काम.

आणि दुसरं काम म्हणजे चुका वाचणं. बाहेरच्या लोकांना वाटतं, शिक्षक चुकांवर लाल फुली मारतात आणि मोकळे होतात. फुली कुणीही मारेल. पण एक अष्टमांश हा एक चतुर्थांशापेक्षा मोठा, असं मूल लिहितं तेव्हा ते वेडेपणा करत नसतं. आठ चारपेक्षा मोठे, हे त्याला आपणच शिकवलेलं असतं. ते तेवढंच इमानदारीनं वापरतं. त्याच्या चुकीत एक हिशोब असतो. तो सापडला की अर्धं काम झालं.

हे मला फार उशिरा कळलं.

नोकरीची पहिली चार वर्षं मी संस्थेच्या मैंदर्गीच्या शाळेत होते. मी मूळची मोहोळची, मराठी घरातली. मैंदर्गीत निम्म्या घरांत कन्नड. माझ्या वर्गात महादेवी नावाची एक मुलगी होती. शांत, तेलानं चप्प केलेल्या दोन वेण्या, पहिल्या बाकावर. तिला फळ्यावर बोलावून संख्या सांगितली की ती उलटी लिहायची. पंचवीस म्हटलं की बावन्न. त्रेचाळीस म्हटलं की चौतीस. सहावीतली मुलगी! मला वाटायचं, लक्ष नाही. एकदा तपासणीसाठी साहेब वर्गात बसलेले होते आणि ती फळ्यावर तेच करून बसली. साहेब गेल्यावर मी सगळ्या वर्गापुढे तिला म्हणाले, “एवढंही येत नाही? मग शाळेत कशाला येतेस?” वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. दिवाळीच्या सुट्टीनंतर महादेवी शाळेत आली नाही.

पुढच्या वर्षी मैंदर्गीतलंच स्थळ आलं आणि माझं लग्न झालं. एका सकाळी सासूबाई गच्चीवर सांडगे घालत होत्या आणि मोजत होत्या. त्यांना सगळे अव्वा म्हणायचे. वीस झाल्यावर त्या जे म्हणत होत्या ते मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “इप्पत्तैद. इप्पत्त म्हणजे वीस, ऐद म्हणजे पाच. वीस-पाच.” मी उभीच राहिले. कन्नडमध्ये वीस आधी, पाच नंतर. जसं लिहितात तसंच बोलतात. आपल्या मराठीत पंचवीस. पाच आधी, वीस नंतर. महादेवी जसं ऐकत होती तसंच लिहीत होती. माझं मराठी तिनं शब्दाला शब्द पाळलं होतं.

त्याच दिवशी मी तिच्या घरी गेले. महादेवी आत चुलीपुढे होती, बाहेर आलीच नाही. तिची आई दारात उभी राहिली.

मी म्हटलं, “तिला शाळेत पाठवा. चूक तिची नव्हती, माझी होती.”

ती बाई दाराची चौकट धरून उभी होती. म्हणाली, “तिला गणित येत न्हाय म्हून तुमीच म्हणला की, बाई. आता सोयरीक ठरली.”

त्यानंतर पुन्हा कुणाला ‘एवढंही येत नाही’ म्हणाले नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. पण चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग, चौथा तास, सोलापूरचा उन्हाळा. तोंडून जायचं. फक्त गेल्यावर जीभ चावायची सवय लागली, एवढंच.

आमची सोलापूरला बदली झाली आणि शुक्रवार पेठेत भाड्यानं घर घेतलं, पुढे तेच विकत घेतलं. हे मोजणी खात्यात होते. जमिनीची मोजणी करून हद्दी कायम करायचं काम. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस दौऱ्यावर. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. संध्याकाळी मी वह्या तपासायची आणि अव्वा दुसऱ्या खोलीत बसलेल्या असायच्या. हे आले की घरात बोलणं सुरू व्हायचं, गेले की थांबायचं.

ह्यांना माझ्या विषयाचं फारसं कौतुक नव्हतं. “सहावीचं गणित म्हणजे काय गणित? आम्ही वाकड्यातिकड्या शेतांचे त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढतो,” म्हणायचे. क्षेत्रफळ तोंडी काढायचे हे खरं. मी कागद घेईपर्यंत ह्यांचं उत्तर तयार. मी म्हणायची, “पायऱ्या कुठे आहेत?” हे म्हणायचे, “पायऱ्या लंगड्या माणसाला लागतात.”

पायऱ्यांवरून आठवलं. आमच्या शाळेत एका रिक्षावाल्याची मुलगी होती. तिचा बाप एकदा चाचणीचा पेपर घेऊन रिक्षा दारात उभी करून थेट वर्गात आला. “मॅडम, जवाब तो सई है ना? फिर मार्क कायको काटे?” मी म्हटलं, “भाई, तुम्ही पाशिंजराला स्टेशनवर सोडलं, पण कुठल्या रस्त्यानं नेलं ते सांगता येईना, तर उद्या दुसऱ्याला कसं नेणार?” तो विचार करून म्हणाला, “मॅडम, रस्ता तो गाडी कू मालूम रैता.” मुलगी हसून हसून बाकाखाली गेली. मी अर्धा मार्क वाढवला. मुलीला नाही, बापाला दिला असंच समजते.

असो. मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगायची आहे. खरं तर तीच सांगायला बसले आहे. बाकीचं तिथपर्यंत जायला धीर यावा म्हणून लिहिलं.

हे माझ्याआधी चार वर्षं निवृत्त झालेले. एका सकाळी आंघोळीहून आले आणि शर्टाची गुंडी लावता लावता खाली बसले. उजवा हात हलेना. तोंड वाकडं झालं. शेजाऱ्यांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून वाचले. आठ दिवसांत बोलणं बरंच परत आलं, काठी घेऊन चार पावलं टाकता यायला लागली. मेंदूचे डॉक्टर तपासायला आले तेव्हा सगळं ठीक चाललं होतं. नाव सांगितलं, गाव सांगितलं, पेपरातली बातमी वाचून दाखवली. मग डॉक्टर म्हणाले, “शंभरातून सात वजा करा बरं.”

हे गप्प.

“बरं, दहातून तीन?”

हे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी पस्तीस वर्षं रोज बघितलेली होती. शेजारच्या वहीकडे बघू का नको, असा विचार करणाऱ्या मुलाची नजर.

डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, मेंदूचा जो भाग आकडे सांभाळतो तिथंच मार लागलाय. बाकी माणूस जागेवर आहे. सराव केला तर थोडंफार परत येतं. “घरात कुणी शिकवणारं आहे का?”

मी म्हटलं, “आहे.”

घरी आल्यावर किती गेलंय ते हळूहळू समजलं. घड्याळ बघून वेळ सांगता येईना. फोन लावता येईना. सात मोठे का बारा, तेही कळेना. एकदा दुधाचा हिशोब ठेवायचं कॅलेंडर भिंतीवरून काढून त्यांनी कपाटाच्या मागे टाकलेलं मला सापडलं.

मी पहिलीचं पुस्तक आणलं. मोठमोठी चित्रं, बदकं, फुगे. ह्यांनी ते उघडलं, मिटलं आणि माझ्या हातात दिलं.

“बदकं मोजू का मी आता?”

“सुरुवात तिथूनच करावी लागते.”

“सहावीच्या खालचं पुस्तक ह्या घरात आणायचं नाही. तुला सहावीचं शिकवता येतं ना? मग सहावीचं शिकव.”

मी काय केलं, पहिलीच्या पुस्तकाला खाकी कागदाचं वेष्टण घातलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘इयत्ता सहावी, गणित’. दुसऱ्या दिवशी ह्यांनी वेष्टण वाचलं, पान उघडलं आणि म्हणाले, “सुमन, माझे आकडे गेलेत. बदक कळतंय की मला.” दोघंही हसलो. आजारानंतर घरात पहिल्यांदा हसू आलं ते असं.

मग मी खरंच सहावीचं पुस्तक काढलं. पहिला उपाय माझा जुनाच. वर्गातल्या मुलांना मी संख्यारेषा मैदानावर आखून तिच्यावरून चालायला लावायची. घराच्या मधल्या बोळातल्या शहाबादी फरशीवर मी खडूनं रेषा मारली. स्वयंपाकघराच्या दाराशी शून्य. उजवीकडे मोरीपर्यंत एक ते दहा. डावीकडे जिन्यापर्यंत उणे एक ते उणे दहा. हे काठी टेकत त्या रेषेवरून चालायचे. पायाचाही व्यायाम, डोक्याचाही. “तीनवर उभे आहात. चार पावलं पुढे. कुठे आलात?” खाली वाकून आकडा वाचायचे. वाचता यायचं, पण वाचलेला आकडा केवढा, हे आत पोचत नव्हतं. डावीकडे मात्र जायला ते तयारच होईनात. मी म्हटलं, “शून्यातून दोन पावलं मागे या.” म्हणाले, “तिकडे जिना आहे. पडलो म्हणजे?” उणे संख्यांचा धडा आम्ही सोडून दिला. वर्गातही अर्धी मुलं तिथंच अडायची.

दोन महिने झाले. रोज सकाळी नऊ ते दहा. मी वर्गात जायची तशी साडी नेसून, केस नीट बांधून बसायची, नाहीतर हे गंभीरपणे घ्यायचे नाहीत. प्रगती होत होती असं मी स्वतःला सांगत होते. पण आज आलेलं उद्या जायचं. मुलांना तरी उन्हाळ्याची सुट्टी लागते विसरायला.

त्या दिवशी मी ज्वारीची कडक भाकरी घेऊन बसले होते. भाकरीचे तुकडे पाडून अपूर्णांक शिकवणं, ह्या धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती. एका भाकरीचे चार केले, दुसरीचे आठ. “ह्यातला एक तुकडा आणि ह्यातला एक. मोठा कुठला?” समोर दिसत होतं. तरी हे आठातल्या तुकड्यावर बोट ठेवत होते. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. बाहेर फेरीवाला ओरडत होता, कुकर शिट्ट्या देत होता, मला रात्रभर झोप नव्हती. कारणं खूप देता येतील.

मी म्हणाले, “अहो, एवढंही येत नाही?”

ह्यांनी भाकरीचे तुकडे एकेक करून ताटात परत ठेवले. डाव्या हातानं, सावकाश. मग वर बघून म्हणाले, “पोरांना पण असंच बोलायचीस?”

रागानं नाही. खरंच माहिती करून घ्यायचं असल्यासारखं. आमच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती. मी शाळेत नेमकं काय करत होते, हे त्यांनी मला पहिल्यांदा विचारलं होतं.

मी म्हटलं, “कधी कधी.”

“मग ती काय करायची?”

मी उठून कुकरखालचा गॅस बंद केला आणि तिथंच ओट्याला धरून उभी राहिले. मला महादेवीबद्दल सांगायचं होतं, पण सांगता आलं नाही. परत बाहेर आले तेव्हा हे पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पुढे दहा-बारा दिवस अभ्यास बंद. मी नऊ वाजता पुस्तक घेऊन खुर्चीत बसायची, हे यायचे नाहीत. दहा वाजता मी उठायची. शाळेत मुलं गैरहजर असली तरी वर्ग असतो. इथं विद्यार्थी एकच.

त्यानंतरच्या एका सकाळी मी वाळलेले कपडे काढायला गच्चीवर चालले होते. हे जिन्यावर होते. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं रोज पायऱ्या चढायला सांगितल्या होत्या. माझी चाहूल त्यांना लागली नव्हती. एका हातानं कठडा धरून चढत होते आणि दर पायरीला काहीतरी पुटपुटत होते. वंद. यरड. मूर. अव्वा सांडगे मोजायच्या तसं, एक, दोन, तीन. मी खालीच थांबले. एकही पायरी न चुकता हे वर पोचले आणि शेवटचा आकडा जरा मोठ्यानं म्हणाले. हद्नाक. चौदा. आमच्या जिन्याला चौदाच पायऱ्या आहेत.

मी खालून ओरडले, “अहो! किती पायऱ्या झाल्या?”

वरून उत्तर नाही. मराठीत विचारलेलं होतं. मग कन्नडमध्ये विचारायला मला येत होता तो एकच शब्द मी वापरला. हे बाजारातून आले की अव्वा ‘किती?’ म्हणून विचारायच्या तो. “येष्ट?”

“हद्नाक,” हे म्हणाले आणि स्वतःच चकित होऊन खाली बघायला लागले.

नंतर डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं कधी कधी. लहानपणी आईच्या तोंडून शिकलेलं वेगळ्या कप्प्यात राहतं, शाळेत शिकलेलं वेगळ्या. एक कप्पा गेला तरी दुसरा राहतो. ह्यांचा शाळेतला, नोकरीतला, माझ्या बरोबरीनं वापरलेला कप्पा गेला होता. अव्वांचा राहिला होता.

पण त्या कप्प्यात शिरायचं तर मला कन्नड आकडे यायला हवेत. साठीच्या उंबरठ्यावर मी अंकलिपी गिरवायला बसले. शिकवणारे हेच. सकाळी नऊ ते दहा त्यांनी मला शिकवायचं, दहा ते अकरा मी त्यांना. मला वीसच्या पुढे गोंधळ व्हायचा. सत्तर आणि ऐंशी माझ्या जिभेवर एकच व्हायचे. हे काठी आपटून म्हणायचे, “तप्पु!” म्हणजे चूक. एकदा मी सलग पाच वेळा चुकले. हे माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होते. मी म्हटलं, “बोला की. एवढंही येत नाही, म्हणा.” हे म्हणाले, “नाही. तू कसं म्हणतेस ते परत म्हण. कुठं अडतंय ते बघू.”

पस्तीस वर्षं शिकवून मला जे क्वचित जमायचं, ते हा माणूस तीन आठवड्यांत करत होता.

त्यानंतर गाडी धावली असं नाही म्हणणार. पण चालली. आधी कन्नडमध्ये मोजायचं, मग आकडा लिहायचा, मग त्याचं मराठी नाव. अर्धा, पाव, पाऊण आले. घड्याळ आलं. फोन आला, पहिला फोन ह्यांनी मैंदर्गीला आपल्या बहिणीला लावला, म्हणजे आमच्या अक्कांना. “मी लावलाय, मी,” एवढंच बोलत होते. कोनमापक हातात घेतल्यावर तर मोजणी खात्यातला माणूस जागाच झाला. कोन नजरेनं सांगायचे आणि मग मापून बघायचे. आम्ही कपाटाच्या दाराचे, काठीचे, शेजारच्या पत्र्याच्या उताराचे कोन मोजले. मला दौऱ्यावरच्या गोष्टी सांगायचे. हद्दीवरून दोन भाऊ कसे भांडले, कुणी साखळीनं मोजताना पाय सरकवला, कुठल्या गावात कसलं पिठलं मिळालं. इतकी वर्षं त्या पंधरा-पंधरा दिवसांत हे काय करत होते, ते मला तेव्हा कळलं.

दीड वर्षानं ह्यांनी परीक्षा मागितली. “खरी घे. शाळेत घ्यायचीस तशी.” मी वीस गुणांचा पेपर काढला. घटक चाचणीत काढायची तसाच. एक तास. टेबलावर पुस्तक नाही, मी खुर्ची लांब ओढून बसले. डाव्या हातानं लिहीत होते. मध्येच एकदा म्हणाले, “पुरवणी मिळेल का?” आणि स्वतःच हसले. उणे संख्यांचा प्रश्न मी मुद्दाम घातला होता. तो त्यांनी सोडून दिला. वीसपैकी अकरा मिळाले. एका गणितात उत्तर बरोबर होतं पण पायऱ्या नव्हत्या, तरी मी पूर्ण गुण दिले. पेपर हातात घेऊन म्हणाले, “इथं अर्धा काप. पोरांचे कापत होतीस ना?” साडेदहा झाले. तो पेपर ह्यांनी कपाटात सेवापुस्तिकेत ठेवला.

गेल्या हिवाळ्यात दुसरा झटका आला. ह्या वेळी हे परत घरी येणार नाहीत, हे दवाखान्यात नेईपर्यंतच कळलं होतं. बोलणं जवळजवळ गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टर तपासायला आला. विदर्भातला मुलगा, नुकताच रुजू झालेला. आवाजात प्रेम होतं. ह्यांच्या चेहऱ्यापुढे चार बोटं धरून म्हणाला, “आजोबा, ही किती?”

हे म्हणाले, “नाक.”

“नाक नाही आजोबा. बोटं. बोटं किती आहेत?”

“नाक,” हे पुन्हा म्हणाले. जरा चिडून.

डॉक्टर नर्सकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “गोंधळलेत. लिहून ठेवा, उत्तरं असंबद्ध.”

मी उठून उभी राहिले. “डॉक्टर, खोडा ते. कन्नडमध्ये नाक म्हणजे चार. उत्तर बरोबर आहे.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वळून दोन बोटं दाखवली. “यरड.” माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. पाच दाखवली. “ऐद.” मी मान हलवली. सगळं बरोबर. त्या पोरानं खरोखर कागद मागून घेतला आणि आधीचं खोडलं.

तो गेल्यावर ह्यांनी डावा हात थोडा उचलला. मी जवळ वाकले. अर्ध्या तोंडानं म्हणाले, “मार्क?”

मी म्हटलं, “पैकीच्या पैकी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी हे गेले.

दिवसकार्य मैंदर्गीला झालं. अक्कांच्या घरी. माणसं बरीच जमली होती, सगळं बोलणं कन्नडमध्ये. मी एका कोपऱ्यात बसून राहिले. सगळे माझ्याशी मराठीत दोन वाक्यं बोलायचे आणि पुन्हा आपापसांत वळायचे. ते कुणी मुद्दाम करत नव्हतं. मी बसल्या बसल्या विचार करत होते, की अव्वा आमच्याकडे सोलापूरला अकरा वर्षं होत्या. हे दौऱ्यावर, मी वह्यांमध्ये. त्या अकरा वर्षांत पंधरा-पंधरा दिवस त्या कुणाशी काय बोलत असतील? कधी विचारच केला नव्हता.

जेवणाची वेळ झाली तेव्हा उठून मी ताटं मांडायला घेतली. मांडता मांडता तोंडातल्या तोंडात मोजत होते. कन्नडमध्ये. सवयीनं. अक्का वाटीत मीठ घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या, ते मला दिसलं नाही. मूवत्तेंटला, म्हणजे अडतिसाला, मी थांबले आणि वळले.

अक्कांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, “अव्वा तुज्याजवळ अकरा वर्सं ऱ्हायली की ग. तवा का न्हाय शिकलीस?”

मी म्हटलं, “चुकलं अक्का.”

त्यांनी मिठाची वाटी खाली ठेवली, उरलेल्या ताटांची चळत उचलली आणि पुढचं ताट मांडत मोठ्यानं म्हणाल्या, “मूवत्तवंबत.” मग थांबून माझ्याकडे बघितलं.

मी त्यांच्या मागून म्हटलं, “मूवत्तवंबत.”